भाकरीला गुंडाळलेला पेपर

संस्कृती,

मी सुप्याला कामावर चाललोय. काल रद्दी समजून तुझा इंग्रजीचा सराव पेपर भाकरीला गुंडाळून नेला, चुकलंच माझं. पर जेवताना आमच्या साहेबानं तो वाचला. म्हनला, "दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की चूक धरत्यात. मी मनात सोडवून बघितला, माझी तीन उत्तरं चुकली, हिची सगळी बरोबर!" पुरं वेल्डिंग न करता नुसत्या टाक्यावर गेट टिकत न्हाई, एवढं मला वेल्डरला कळलं. बाकी मी घास हातात धरून तुझ्या अक्षराकडं बघतच राह्यलो. पोरी, कवा शिकलीस गं हे?

रविवारी तुला बघायला येनाऱ्या पाव्हन्यांना येऊ नका म्हनून कळवलंय. आई तोंड फुगवील, तिला मी बघतो. तू रविवारी परीक्षेला जा.

आबा