चांद्या परत आलाय

अवो, दार उघडू नका. आधी ही चिठ्ठी वाचा.

चांद्या परत आलाय. घरमालकांच्या लेकीला, पुतळीला, चावलेलं कुत्रं आपलं न्हवंच, असं सांगून तुमी त्याला गुंद गावच्या रानात सोडून आलासा. खोली भाड्यानं देतानाच मालक म्हणाले हुते, कुत्रं कुणाला चावलं तर जबाबदारी तुमची. मी म्हणत हुते, बांधून ठेवा, दहा दिस जगतोय का बघू, म्हणजे पोरीला धोका हाय का कळंल.

आता कळलं. तोंडाला फेस हाय, पाणी बघून थरथरतोय.

मालकांना मी खरं सांगितलंय. पुतळीला कुत्रं चावल्याच्या सुया टोचून घ्यायला आमी बेळगावला घेऊन चाललोय. चांद्याला आत कोंडलंय, पण मागच्या दाराची फळी मोडकी हाय.

शीळ घालू नका. तुमची चाहूल लागली की तो धावतच येतो.

केशर