राहीच्या नावापुढची खूण

मी, हरिचंद्र नाथा मढवी, वय वर्षे बावन्न, जात आगरी, सरकारी देवी टोचणारा, हल्ली आजारी रजेवर, राहणार अंबरनाथ, शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर, आज शुक्रवार तारीख १६ मार्च १९५६ रोजी हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाची बळजबरी नाही, नशापाणी केलेले नाही. अक्षर वाकडे दिसले तर त्यावरून माझ्या बुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये. ते भीतीने वाकडे आले आहे.

माझ्या मानेत गाठी आहेत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिरेतून टोचायचे एक नवे औषध आले आहे. लढाईतल्या विषारी वायूवरून ते शोधून काढले, असे तिथल्या तरुण डॉक्टराने मला कौतुकाने सांगितले. दर सोमवारी एक, अशा सहा सुया. ओकाऱ्या होतील, टोचलेली शीर पंधरा दिवस कडक राहील, डोक्याचे केस जातील, मिशाही जातील. गाठी जातील की नाही, ते मात्र त्याने सांगितले नाही. येत्या सोमवारी मला जायचे आहे, म्हणून मागची व्यवस्था लावून ठेवतो.

कलम १. राहते घर, परसातली दोन शेवग्याची झाडे, भांडीकुंडी आणि पोस्टातले पुस्तक माझी पत्नी पुतळाबाई हिचे. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या माहेरच्यांची मिठागरे होती, त्यामुळे मिठावर तिचा मोठा जीव. माझ्या सुया सुरू होणार म्हटल्यावर तिने नवस केला, की सहाही पुऱ्या होईपर्यंत अळणी जेवीन. माझ्या कालवणात मात्र ती मीठ घालते आणि समोर बसून स्वतः अळणी भात गिळते. तो भात मला बघवत नाही. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. माझा धाकटा भाऊ बाळा. याने माझी छत्री सन १९४८ साली एका दिवसासाठी नेली. ती त्यालाच राहू द्यावी. चारचौघांत तो मला ‘सुईवाला’ म्हणतो, त्याबद्दलचा राग मी सोडला, असे लिहिणार होतो. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम ३. टोचणीचे यंत्र सरकारचे आहे, ते सरकारात जमा करावे. माझी स्वतःची चामड्याची पिशवी, स्पिरिटचा दिवा आणि सायकल उल्हासनगर कॅम्पातले कंपाउंडर लोकूमल हासानंद यांना द्यावी. निर्वासित आले तेव्हा बराकींतून मी दिवसाला तीनशे दंड टोचत होतो आणि हा गृहस्थ माझ्यापुढे पोरे धरून उभी करी. पोराला आधी दोन गोष्टी सांगे, मग धरी. मी त्याला हसत असे.

कलम ४. आता लाजेची गोष्ट. सत्तावीस वर्षे मी लोकांना सुईला भिऊ नका म्हणून सांगितले. सांगितले कसले, ओरडलो. जो भिऊन मागे सरे त्याला मी सगळ्यांपुढे ओढून उभा करी, त्याची नक्कल करी, गाव खदखदून हसे, आणि हसण्याच्या त्या भरात मी टोचून मोकळा होई. ही माझी हातोटी होती आणि तिचा मला गर्व होता.

तोच मी मागच्या दोन्ही सोमवारी इस्पितळातून पळालो. बाकावर बसलो, आतून माझे नाव पुकारले आणि पाय आपोआप रस्त्यावर गेले. संध्याकाळपर्यंत राणीच्या बागेत माकडांसमोर शेंगा खात बसलो. घरी येण्याआधी कोपराच्या खोबणीत कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावली. पुतळाबाईने पट्टी बघितली, देवापुढे दिवा लावला आणि अळणी जेवायला बसली. मी एकही सुई घेतलेली नाही. हे तिला माझ्या पश्चात कळावे.

कलम ५. यापेक्षा मोठी लाज. सन १९५१ च्या पौषात बारवीकडच्या ठाकूरवाडीत टोचायला गेलो होतो. भिकी नावाची बाई तीन वर्षांच्या पोरीला, राहीला, काखोटीला मारून डोंगरावर पळाली. मी तिची नक्कल केली. वाडी हसली. ऊन चढले होते आणि माझा आकडा पुरा व्हायचा होता. मी रजिस्टरात राहीच्या नावापुढे ‘टोचले’ अशी खूण केली.

आठ दिवसांनी बदलापूरच्या चावडीवर मी टोचत बसलो असताना भिकी आपणहून आली. पोरीला खांद्यावर घेऊन डोंगर उतरून आली होती. म्हणाली, “आता टोच. मी भ्याले व्हते, आता नाय भीत.” शेजारी माझे साहेब रजिस्टर तपासत बसलेले. टोचले असते तर खोटी खूण उघडी पडली असती. मी म्हणालो, “हिला टोचलंय. हे बघ नाव.” तिने पोरीचा दंड उघडा करून दाखवला. त्यावर काही नव्हते. मी म्हणालो, “कधी कधी वण उठत नाही. जा.” तिला वाचता येत नव्हते. तिने माझ्या कागदावर विश्वास ठेवला आणि गेली.

चैत्रात वाडीत देवी आल्या. राही वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले. भिकी सुईला भिऊन पळाली म्हणून पोर आंधळी झाली, असे वाडी आजही म्हणते. मी पाच वर्षे ते ऐकत आलो आणि एकदाही तोंड उघडले नाही.

कलम ६. चिखलोलीची पाच गुंठे भातजमीन मी राहीच्या नावे ठेवतो.

(कलम ६ रद्द समजावे. कारण पुढे.)

इथवर शुक्रवारी लिहिले. संध्याकाळी साक्ष घालायला लोकूमल आले. कलम ५ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी उघडलेले पेन पुन्हा बंद केले.

“साईं, ये वसीयत है के कबूलनामा? त्या बाईला सांगितला का?”

“मेल्यावर कळेलच की.”

“मेल्यावर! ये तो भागना हुआ. पहिले तिला सांगा, बाद में मैं सही करेगा.”

त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला. सायकल रद्द करावी इतका आला. पण खरे होते ते खरे होते.

शनिवारी बदलापूरच्या बाजारात भिकी लाकडाची मोळी विकायला बसते. तिच्यासमोर उकिडवा बसून मी खोट्या खुणेचे आणि माझ्या आजाराचे सगळे सांगितले. तिने मोळीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग विचारले, “त्या कागदावर अजून तसाच हाय?”

“तसंच आहे.”

“मंग मी खोटी नव्हते. पोरीचा दंड मी बघला व्हता. घरी जाऊन परत परत बघला व्हता.”

मी जमिनीचे सांगितले. त्यावर ती एकदम उसळली. “नको मना तुझी जमीन. उद्या वाडी बोलंल, भिकीनं पोरीचे डोले इकले. तू उद्या ये आन वाडीपुढं वाच हा कागद. तू मरशील त्याची वाट मी कवापत्तुर बघू?”

रविवारी गेलो. पुतळाबाई आजारी माणसाला एकटे सोडायला तयार नव्हती, तीही आली. लोकूमल आले. वाडी जमली. मी कलम ५ वाचले. कलम ४ गाळले, कारण समोर पुतळाबाई बसली होती. आज तिथे हसण्यासारखे कोणालाच काही सापडले नाही. एक म्हातारा उठून भिकीजवळ जाऊन बसला. तो तिचा सासरा, पाच वर्षे तिच्याशी बोलला नव्हता.

मग राही चाचपडत माझ्यापर्यंत आली. आठ वर्षांची झाली आहे. तिने विचारले, “तुला पन टोचतात ना आता? दुखतंय? कुठं?” मी काही बोलायच्या आत तिने माझा हात धरला, बाही वर सारली, सोमवारपासून न काढलेली पट्टी सोलून काढली आणि कोपराच्या खोबणीवरून बोटे फिरवली. मग दुसरा हात बघितला. तिची बोटे फार बारकाईने बघतात.

“आये, याला टोचलाच नाय,” ती म्हणाली.

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. पुतळाबाई मात्र जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, “दोन आठवडे मी अलनी जेवले, ते कोनच्या सुयांसाठी?”

मी आजवर बऱ्याच जणांना चारचौघांत उभे केले. त्यांना काय वाटले असेल ते मला बावन्नाव्या वर्षी कळले. मी तिथेच कलम ४ वाचले. तेवढ्याने काही भागले नाही. घरी आल्यावर तिने दोन ताटे वाढली. दोन्ही अळणी.

भिकी एवढेच म्हणाली, की जमीन देणार नसशील तर मी साक्षीचा अंगठा देते. घेणाऱ्याची साक्ष लोक खरी धरत नाहीत, न घेणाऱ्याची धरतील. म्हणून कलम ६ रद्द. चिखलोलीची जमीनही पुतळाबाईची. राहीला मी काहीही ठेवत नाही, हे तिच्या आईच्या इच्छेने.

कलम ७. रजिस्टरातली ती खूण खोडण्याबद्दलचा माझा अर्ज सोबत जोडला आहे. नोकरी जायची तर जावो.

येणेप्रमाणे हे पत्र माझ्या समजुतीने आणि माझ्या लाजेसकट पुरे केले. मुक्काम अंबरनाथ, रविवार तारीख १८ मार्च १९५६.

सही: हरिचंद्र नाथा मढवी, दस्तुर खुद्द.
साक्षीदार १: लोकूमल हासानंद, उल्हासनगर कॅम्प (सही सिंधीत).
साक्षीदार २: भिकी, ठाकूरवाडी, हिच्या डाव्या हाताचा अंगठा.

पुरवणी, बुधवार तारीख २१ मार्च. सोमवारी पुतळाबाई बरोबर आली. भिकीही राहीला घेऊन आली. मी परत पळालो तर धरायला, असे म्हणाली. नाव पुकारल्यावर पाय तसेच दाराकडे वळले. भीती मुळीच गेलेली नाही. राही आत आली, माझा दुसरा हात धरून बसली आणि मला कोणी हसले नाही. काल दिवसभर ओकलो. पाच सुया बाकी आहेत, तोवर मीही अळणीच जेवीन. नोंद अशी:

हरिचंद्र नाथा मढवी, वय ५२. टोचले. हात चाचपून खात्री केली: राही, वय ८, हिचा अंगठा.