तू पाठवलेली खोकी

हॅनकॉक, मिशिगन
५ ऑगस्ट

लाडके लिनेट,

अनेक आशीर्वाद. तू, रॉजर आणि पोरं मजेत असाल. फीनिक्सच्या त्या उन्हात माणसं मजेत कशी राहतात हे मला आजवर उमगलेलं नाही, पण तुम्ही राहता खरं. इकडे सकाळी अजून स्वेटर लागतो. बागेत रूबार्बचे आंबट देठ इतके माजलेत की मी टोपली घेऊन निघाले की शेजारी दार लावून घेतात.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्धं झालं की "पण आई" सुरू. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप. महिनाअखेरीस तुम्ही ट्रक घेऊन मला कायमचं न्यायला येणार, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

आवराआवर कुठवर आली, खोकी भरली का, असं विचारशील. सांगते. आधी बातमी ऐक.

आम्ही जिंकलो! शनिवारी, कालव्यात, अख्ख्या गावासमोर, पुठ्ठ्याच्या बोटींची शर्यत आम्ही जिंकलो, आणि बोटीत पुढे कोण बसलं होतं विचार. तुझी आई! पेपरात फोटो आलाय. त्यात माझं तोंड उघडं आहे आणि केस डोळ्यांवर आलेत, तरी कात्रण सोबत पाठवतेय.

आता तू म्हणशील, आम्ही म्हणजे कोण. जुन्या लाँड्रीच्या इमारतीतले ते लोक गं, हॅकरस्पेसवाले. मी त्यांच्याबद्दल फोनवर दोनदा बोलले होते आणि दोन्ही वेळा तू "बँकेचा पासवर्ड कुणाला देऊ नकोस" एवढंच म्हणालीस. अगं, ते पासवर्ड चोरत नाहीत. टोस्टर दुरुस्त करतात. कुणी लोखंड जोडतं, कुणी रेडिओ बनवतं, कुणी नुसतंच कॉफी पीत दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतं. मी तिसऱ्या जातीतली.

जानेवारीत मी शिलाई मशीन दुरुस्त करून घ्यायला तिथे गेले. तूच म्हणाली होतीस ना, चालत असेल तर विक, नाहीतर टाकून दे. आत शिरले, हातमोजे काढायला मशीन जवळच्या टेबलावर ठेवलं आणि कोट टांगायला गेले. तिथे थिया भेटली. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, केस निळे, जीभ तिखट. तिने कॉफी दिली, दोन गोष्टी झाल्या, आणि परत येऊन बघते तर माझ्या मशीनचा सांगाडा उरलेला! एक दाढीवाला बाप्या चाक, दट्ट्या, स्प्रिंग असं एकेक काढून टॉवेलवर ओळीने मांडत होता. वर शीळ घालत होता.

"अहो, हे काय चालवलंय?" मी ओरडलेच.

"का? टेबलावर होतं," तो म्हणाला. "बोर्ड आहे की वर. या टेबलावर जे असेल ते खोला."

"बोर्ड वाचायला आधी चष्म्यावरचं धुकं जायला नको? ते माझ्या लग्नातलं मशीन आहे!"

बिचाऱ्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंसं झालं. हा वेंडेल. नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. तिथला कायदा असा की ज्याने खोललं त्यानेच जोडायचं. मग दर मंगळवारी, त्यांच्या बैठकीच्या दिवशी, तो जोडायला बसायचा आणि मी पहारा द्यायला. रिकाम्या हाताने काय जायचं म्हणून निसू, आपला फिनिश गोड पाव, भाजून न्यायचे, तुझ्या आजीच्या पद्धतीने, वेलची सढळ हाताने घालून. मशीन जोडून झालं. एक स्क्रू उरला, तो कुठला हे वेंडेलला अजून सापडलेलं नाही. मशीन मात्र पहिल्यापेक्षा शांत चालतं. आणि माझं जाणं काही थांबलं नाही.

त्या लाँड्रीत कुणी कुणाचा साहेब नाही. बैठकीत काम निघालं की सगळे एकमेकांकडे बघतात. ज्याचा हात वर गेला, काम त्याचं. मग त्याला कुणी हुकूम करत नाही आणि त्यातून कुणी सोडवतही नाही.

जूनमध्ये शर्यतीचं निघालं. नियम एकच: बोट पुठ्ठ्याची आणि चिकटपट्टीची, वर हवा तर रंग, दुसरं काही नाही. दुकानांतून मागून आणलेले पुठ्ठे पाहून थियाने कपाळाला हात लावला. "हे तर पाणी बघूनच विरघळतील. चांगला जाड, दुहेरी पुठ्ठा आहे का कुणाकडे?"

लिनेट, माझ्या दिवाणखान्यात तू पाठवलेली खोकी भिंतीला टेकून उभी होती. नवीकोरी, घडीची, दुहेरी जाडीची. माझा हात कधी वर गेला मलाच कळलं नाही.

तर खोकी भरली का, याचं उत्तर हे. ती कापली. एकूण एक.

ओरडून घे. झालं? आता पुढे वाच.

बोट दिसायला पाव भाजायच्या पसरट भांड्यासारखी झाली. रंग द्यायला वेळ उरला नाही, त्यामुळे तू मार्करने आधीच लिहून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं. डाव्या अंगाला "आईचे हिवाळी कपडे, फीनिक्सला लागणार नाहीत". उजवीकडे "स्वयंपाकघर". आणि नेमकं नाकाडावर, तुझ्या ठसठशीत अक्षरात, "नाजूक". पुढे बसायला सगळ्यांत हलकं माणूस हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघता काय? काठी ठेवायला जागा करा."

पुलापलीकडच्या कॉलेजच्या पोरांची बोट लांबलचक, सुरीसारखी. शिट्टी झाली तशी ती सुसाट निघाली. आमच्या आजूबाजूला एकेक बोट बुडायला लागली, लोक हसत हसत पाण्यात. आम्ही आपलं वल्हवतोय. मग पुलाजवळच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालायचा होता. तिथे त्या लांबड्या बोटीला वळताच येईना. पोरांनी जोर लावला आणि ती मधोमध दुमडली. आमचं भांडं जागच्या जागी गर्रकन फिरलं.

तोवर पाणी माझ्या मांडीपर्यंत आलेलं.

"आजी, वल्हवू का पाणी काढू?" थिया मागून किंचाळली.

"तू वल्हव गं! पाण्याचं मी बघते!"

मी टोपीने पाणी उपसत सुटले. काठावर कुणीतरी बोटीवरचं नाव वाचलं आणि सगळा घाट ओरडायला लागला, "नाजूक! नाजूक!" लिनेट, इतकी माणसं माझ्यासाठी कधीच ओरडली नव्हती. शेवटच्या दोरीला आमचं नाक लागलं आणि मग ते लापशीसारखं मऊ होऊन खाली बसलं. वेंडेल कमरेएवढ्या पाण्यात उभा होताच. त्याने मला उचलून बाहेर काढलं. मी हसत होते आणि रडतही होते.

आता जे टाळत होते ते लिहिते.

मे महिन्यात मी पुन्हा पडले. मागच्या दाराच्या पायरीवरून, भर दुपारी. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच दिवशी विमानात बसली असतीस. हाड मोडलं नाही, पण मला उठता येईना. गवतात पडून मी तुझ्या बाबांना हाका मारत होते, त्यांना जाऊन किती वर्षं झाली हे माहीत असून. तू म्हणतेस ना, एकटी पडलीस तर काय, तेच झालं. खूप भीती वाटली मला.

मंगळवार होता. संध्याकाळी बैठकीला मी नाही आणि निसूही नाही, हे पाहून वेंडेल म्हणाला म्हणे, "काहीतरी बिनसलंय," आणि तो नि थिया तडक घरी आले. थियाने खांदा तपासला. वेंडेलने पायऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला न विचारता तिथे लोखंडी कठडा उभा. "माझ्या घराला हात लावायला कुणी सांगितलं?" मी भांडले. तो म्हणाला, "कुणी नाही. मीच हात वर केला."

शर्यतीनंतर मला लाँड्रीची किल्ली द्यायची असं निघालं. किल्लीला एकाचीही हरकत चालत नाही. कुणाची नव्हती. पण वेंडेल हळूच म्हणाला, "हेल्मीबाई, किल्ली इथे राहणाऱ्यालाच देतो आपण. तुम्ही तर महिनाअखेर चाललात." थिया खाली बघायला लागली.

मी हात वर केला.

काल घरांच्या दलालबाईला फोन करून अंगणातली विक्रीची पाटी काढून न्यायला सांगितलं.

लिनेट, तू मला बोलावतेस ते प्रेमाने, हे मला कळतं. तुझी भीतीही खरी आहे. मी पडणार नाही असं वचन देत नाही, बहुधा पडेनच. तिकडे पडले तर तू धावत येशील, उचलशील, उशा लावशील. पण उठून मी जाऊ कुठे? इथे मी उठते, कारण मंगळवारी माझी वाट बघतात.

ट्रक रद्द कर. रॉजरला म्हणावं, सासूने वाचवलं. तू मात्र ये, एकटी ये. तुझ्या खोलीतली चादर बदलून ठेवलीय. मला न्यायला नाही, मला बघायला ये.

रागावली असशील तरी पत्र फाडू नकोस. रागातच उत्तर लिही, मी वाचेन.

तुझीच,
आई
मुक्काम हॅनकॉक, आता कायमचा