विहीणबाईसंग एकाच केबिनीत

२४ नोव्हेंबर, रविवार. भंडारा

पुण्याहून लेकीचा, रेणूचा फोन. ती अन् जावईबापू डिसेंबरात मुंबईहून बोटीवर फिरायले जाणार होते. चार रात्री, लक्षद्वीप पाहून परत. तिकिटं उन्हाळ्यातच काढली होती. आता म्हणे कंपनीचा नियम आहे, चोवीस हप्ते झाले की गर्भार बाईले बोटीवर चढूच देत नाही. पैसे परत नाही, नाव मात्र बदलून भेटते. म्हून पोरीनं नावं बदलली. एका तिकिटावर माझं, दुसऱ्यावर तिच्या सासूचं. केबिन एकच.

मी म्हटलं माझ्या जागी बाबाले पाठव. हे बाजूलेच बसले होते. मागावर नवी ताणी चढवाची आहे म्हणाले अन् उठून गेले. पळपुटे.

वि.बाई (विहीणबाई पूर्ण लिहायले जीवावर येते) तीस वर्षं जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरात राहिली, आता तिथंच जवळ घर बांधलं. इथून अर्धा तास. रेणूच्या लग्नानंतर चार वर्षांत चारदा भेटली असन, चारही वेळा वाजलं. यावेळचं कारण तर ठरलेलंच आहे. मी म्हणतो पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून पोरीले इथं आणणार. ती म्हणते पुण्यातच होईल, मी जाऊन राहीन. पुस्तकातलं बोलते, फॅक्टरीच्या साहेबांच्या बायकांसारखं.

रेणूचा डाव कळते मले. दोघींना पाण्यात सोडा, आपोआप जमन. नाही जमत, बाई.

२८ नोव्हें., गुरुवार

बॅग भरून राहिली. कपडे कमी, डबे जास्त. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू. पाच दिवस पुरन इतकं.

हे हसले. हसू दे. लेकीच्या घरचं मी खात नाही, पाणीही पीत नाही. माझ्या आईनं पाळलं, मी पाळून राहिली. चार वर्षांत तिच्या घरी एक रात्र राहिली नाही. पुण्यात गेली तरी चिंचवडले बहिणीकडे उतरतो, दुपारी पोरीले भेटतो, बाटली आपली नेतो. मग तिकीट जावयाचं म्हणजे बोटीवरचं जेवण कुणाचं? जावयाचंच ना.

रेणू चिडते. पण म्हूनच तर ती इथं आली पायजे. तिथं बाळंतपण झालं तर मी पाहुणी. दुपारून जाईन, लेकरू मांडीवर घेईन, चार वाजता परत देईन. अन् ती बाई तिथं रात्रंदिवस. छे.

२ डिसें., सोमवार. बोटीवर

वरठी स्टेशनाहून गाडीत रात्रभर बसून आली, वि.बाईच्या समोरच्या बर्थवर. तिनं उशी फुगवली, कानात बोळे घातले, झोपली. बरंच झालं.

बंदरावर बॅगा आधीच घेऊन टाकतात, चिठ्ठी लावून. मग मशीनमधून काढतात. माझी बॅग बाजूले ठेवली. एका पोरीनं सगळ्यांसमोर डबे उघडले. घरचं खाणं चालत नाही म्हणे. मी म्हटलं शाकाहारी आहे. ती म्हणे काही असो. पाण्याची बाटलीही ओतून टाकली. डबे पिशवीत बांधले, नंबर लावला, उतरताना न्या म्हणाली. मागून वि.बाई सांगून राहिली, नियम आहे तो, कागदात लिहिलं होतं, वाचायचं असतं. कागद तिच्याकडं होता. मले दाखवला कधी?

कोणी विचारलं तर सांगन: बोटीवर जाऊ नका. गेलेच तर डबे नेऊ नका. केबिनीले खिडकी आहे का ते आधी विचारा. आमचीले नाही. दोन पलंग जोडून एक केलेला, नवरा-बायकोसाठी. मी साफसफाईवाल्याले म्हटलं वेगळे कर. तो वेगळे करेपर्यंत वि.बाईनं बाथरूमजवळची बाजू धरली. कार्ड खाचेत ठेवल्याशिवाय लाईट लागत नाही. ती बाहेर गेली, आपलं कार्ड काढून नेलं, मी अंधारात. माझं कार्ड कुठं ठेवलं ते अंधारात कुठं दिसते?

मग भोंगा. सगळ्यांनी डेकवर जमायचं, बोट बुडाली तर काय कराचं ते शिकवतात. भोंगा ऐकला तशी वि.बाई ताठ झाली, फॅक्टरीची सवय. आमच्याकडे दर महिन्याला व्हायचं, म्हणे. माझं तरंगायचं जाकीट उलटं होतं. तिनं दोन्ही खांदे धरून मले गर्रकन फिरवलं अन् पट्टे आवळले. एवढे आवळले की श्वास घेता येईना. मुद्दामच.

फोनले रेंजची एक काडी नाही. रेणूची उद्या तपासणी आहे. वायफायले पैसे पडतात, तेही जावयाच्याच कार्डावर. नको.

३ डिसें., मंगळ.

पर्समध्ये दोन लाडू वाचले होते. एक सकाळी, एक दुपारी. वि.बाई समोर बसून इडली, पुरीभाजी, पपई, केक. हळूहळू खाते, मले दिसावं म्हून.

जेवणं झाल्यावर बोट डोलायले लागली. माझं तर पोटच रिकामं. ज्या उलट्या लागल्या त्या थांबेनात. केबिनीत खिडकी नसली की वर-खाली कळत नाही. मध्येच कोणीतरी डोकं धरलं, गोळी दिली, ग्लास तोंडाले लावला. मी घटाघटा प्याली. मग झोप.

४ डिसें., बुध.

सकाळी डोळे उघडले तर वि.बाई खुर्चीवर, चष्मा लावून. बरं वाटतं का, असं विचारलं नाही. म्हणे, "काल दोन बाटल्या पाणी प्यायलात. बिल माझ्या मुलाच्या नावावर आहे. आता काय करणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड. मी म्हटलं शुद्धीत नव्हती, ते धरत नाही. तुम्ही संधी साधली. तुम्हाले माणूस मेलं तरी चालन, पण तुमचा हिशोब बरोबर राहिला पायजे. ती म्हणे मेला नाहीत, पाण्यानंच वाचलात. बराच वेळ चाललं. साफसफाईवाला दार वाजवून तसाच गेला.

शेवटी ती उठली अन् बिलकुल आवाज न चढवता बोलली. "चार वर्षांत एक रात्र राहिला नाहीत तिच्याकडे. तुम्ही आलात की ती पलंगावर नवी चादर टाकते. गेलात की घडी करून ठेवते. मी पाहिलंय."

मले हे माहीत नव्हतं.

बाहेर बेट होतं. लोक छोट्या नावेत बसून गेले. पाणी हिरवंगार होतं म्हणे. मी गेली नाही. वरच्या मजल्यावर गेली, ताट घेतलं, भात-वरण-भाजी वाढून घेतली अन् सगळं खाल्लं. कोणाच्या का पैशाचं असेना, भूक लागली होती. अन् रागही होता. डोळ्यात पाणी येत होतं, लोकं पाहत होते, पाहू दे.

वि.बाई कॉरिडॉरमध्ये फोन धरून कुजबुजताना दिसली. व्हिडिओ काढून त्यात बोलत असन.

५ डिसें., गुरु.

आजही चहूकडं पाणीच. डेकवर पोट्टे-पोट्ट्या नाचून राहिले. मी आईची आठवण काढत बसली.

रेणू झाली तेव्हा मले कावीळ होती, माहेरी न्यायले डॉक्टर नाही म्हणाले. सासरीच बाळंतपण. आई पवनीहून सकाळच्या यष्टीनं यायची, मले माखायची, लेकराले न्हाऊ घालायची, संध्याकाळच्या यष्टीनं परत. पाण्याचा थेंब नाही घ्यायची. रोज. सगळे म्हणायचे काय बाई आहे. मीही म्हणायची. पण ती पदर सावरून उठली की मी भिंतीकडं तोंड कराची. रात्रभर वाटायचं, राहिली असती एक दिवस तर काय आभाळ पडलं असतं. हे मी कधी कोणाले बोलली नाही. रेणूले एकदा बोलली, तिच्या लग्नाच्या आधी. कायले बोलली.

संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी बंदरावर भेटतात. वि.बाईनं उद्याची साडी आधीच बाहेर काढून ठेवली होती. मी सगळं बॅगेत कोंबलं, अन् बॅग गेल्यावर लक्षात आलं. आता अंगावरच्याच साडीत झोपायचं. सांगायले काय होत होतं तिले? सांगतलं नाही. कागदात लिहिलं होतं म्हणे.

६ डिसें., शुक्र. मुंबई बंदर, मग बसमध्ये

फोनले काड्या आल्या अन् रेणूचे मेसेज एकामागून एक. मंगळवारच्या तपासणीत बाळाची वार खाली सरकलेली निघाली. पडून राहायचं, बाळंतपण होईपर्यंत प्रवास नाही. भंडारा नाही. शेवटी तिचा आवाज, भरून ठेवलेला. "आई, तू ये. मावशीकडे नको, घरी ये. आजीसारखं नको करू."

वि.बाईले म्हटलं, रेणूले... ती म्हणे माहीत आहे. मंगळवारपासून माहीत होतं. तिनं वायफाय घेतलं होतं. रेणूनंच सांगू नका म्हटलं, आईले बोटीवरून काही करता येणार नाही, उगीच जीव टांगणीला लागेल. म्हणजे ही बाई तीन दिवस माझ्या बाजूले झोपली, माझ्यासंग भांडली, अन् पोटात हे ठेवून. मी म्हटलं तुम्ही माणूस आहे का दगड. चार लोक वळून पाहायले लागले.

ती बॅगेचं चाक बघत होती. म्हणे, "मी आज गाडीनं भंडाऱ्याला जाते. तुम्ही पुण्याला जा. आठ दिवस मी फोन करणार नाही. राहिलात तर रहा, मी बारशाला येईन. नाही राहिलात तर मी येऊन राहते, आणि मग तुम्ही चिंचवडहून दुपारचं येत जा."

पाया पडत नाही मी तिच्या. थँक्यूही म्हटलं नाही. ती माझ्यासाठी करून नाही राहिली, तिच्या सुनेसाठी करून राहिली. जाताना मागं वळून एवढंच बोलली की जाकीट आवळलं नसतं तर निघालं असतं.

डबे परत भेटले. पुऱ्यांले वास मारून राहिला, फेकल्या. चिवडा अन् लाडू चांगले आहेत. हात राखून खाल्ले तर चार दिवस जातील. बाळंतपण मार्चात.

पुण्याच्या बसमध्ये बसली आहे. रेणूले 'निघाली' लिहिलं. तिनं लगेच विचारलं, कुठं उतरशील? बहिणीचाही फोन येऊन गेला, वरण टाकू का म्हून. बस आधी चिंचवडले थांबते, मग पुढं पुण्यात, रेणूकडं. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत येऊन राहिला, माझ्या आधी चार सीटा आहेत.