चॉकलेटची सुगडं

छावणी, मंगळवार

नात तुमची हाय हे कबूल, पण साचे माझ्या घरातले हायत. सकाळच्या पयल्या गाडीनं न सांगता निघून जायचं, वर जाताना चॉकलेटचे पाच रबरी साचे पिशवीत घालून न्यायचे, ही सिल्लोडची रीत असंल तर लग्नाच्या याद्या करतानाच सांगायचं होतं. बस्त्याच्या दिवशी तुम्ही जावयाच्या सुटाच्या कापडापर्यंत सगळं बोलला, पण आमची पोरगी रुसली की एसटीत जाऊन बसते, हे काय बोलला नाय. आज सहा दिवस झाले. साचे परत पाठवा.

तर सौ. लक्ष्मीबाई विहीणबाईंना मंजुळाबाईचा नमस्कार. (नमस्कार आधी लिहायचा असतो हे मला ठाऊक हाय. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पाचवीच्या टायमाला मेंढरांमागं लावलं.) तुमचे गुडघे कसे हायत? कानाचं मशीन लावता का अजून डब्यातच ठेवता? मालकांचा खोकला थांबला का, मिरची तोडून झाली का, ते कळवा. आमच्याकडं सगळे जिते हायत. माझं बीपी डॉक्टरला आवडंना, पण मला त्याचा काय तरास नाय. फोनच करणार होते, पण तुम्ही फोनवर पाच मिनिटं हॅलो हॅलो करता अन् मंग तो दुसऱ्याच्या हातात देता. इथं आमचा नातू अंगद फोन स्पीकरवर टाकतो, म्हणजे माझं बोलणं आख्ख्या गल्लीनं ऐकायचं. म्हणून हे कागदावर. फकिरा मक्याचा टेम्पो घेऊन तुमच्याकडं निघालाय, त्याच्या हाती देते. (त्याला चहा पाजा. जेवायला बसवू नका, उठत नाय.)

मोनिकानं तिथं काय सांगितलं मला ठाऊक नाय. बहुतेक काहीच सांगितलं नसंल, तोंड वाजवायचा तिचा स्वभाव नाय (हा गुण तुमच्याकडून आलेला नाय). म्हणून माझ्याकडून ऐका. पोरीची लग्नानंतरची पयली संक्रांत. आमच्या छावणीत हळदी-कुंकवाला बाया वाण म्हणून प्लास्टिकच्या चाळण्या देतात. माझ्या सुनेला, शीलाला, अशा अकरा चाळण्या मिळाल्यात अन् घरात पीठ चाळणारं कुणी नाय. तर मोनिका म्हणाली, आजी, आपण वाणाला चॉकलेटची सुगडं करू, घरीच, साच्यात ओतून, आत तिळाचं सारण घालून. मी म्हटलं, सुगड मातीचं असतं, कुंभाराकडं मिळतं, चॉकलेटचं सुगड पूजणार कोण? तर म्हणती, पूजायचं नाय आजी, खायचं. बरं, संक्रांतीला काळी साडी चालते तर काळं सुगड का नाय, असं म्हणून मी गप बसले. (मी गप बसले त्या दिवसावर शीलानं कॅलेंडरात खूण करून ठेवली असंल.) दुपारी देवळात गेले अन् कुणी विचारलं नसताना पंधरा बायांना सांगून आले की आमच्या नातसुनेची सुगडं बघायला या.

आता हे चॉकलेट कसं करतात ते तुम्हाला कळायचं नाय, पण सांगते. विटेएवढ्या लाद्या मिळतात, त्या सुरीनं चिरायच्या. एका पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्याच्यावर दुसरं पातेलं, त्यात हे चॉकलेट. खालचं धुसफुसतं अन् वरचं निमूट वितळतं, आमच्या घरासारखं. मंग ते साच्यात ओतायचं, ठोकायचं, फ्रीजमधी ठेवायचं. हे सगळं ती मोबाइलमधल्या एका बाईकडून शिकली. त्या बाईच्या हातात बांगडी नाय, गळ्यात काय नाय, अन् कपाळाला टिकलीसुद्धा नाय, तिच्यावर मी इस्वास कसा ठेवावा? सकाळी पयली खेप ओतायच्या आधी साचे कोरडेच पडलेले बघितले. वड्या थापायच्या ताटाला तुपाचा हात फिरवतात, हे बारकं पोरगंबी सांगंल. मी फिरवला. मोनिका फरशी पुसत होती तेवढ्यात सगळ्यांना फिरवला, चांगलं घरचं तूप. सुगडं निघाली ती शिबं उठल्यावानी, डागाडागाची. ती उलटीपालटी करून बघत होती, साच्यात बोट घालून हुंगत होती. मी तुपाची वाटी फडताळात सारली. तिनं साचे साबणानं धुतले, पुसले, अन् दुसऱ्या खेपेचं चॉकलेट चढवून आंघोळीला गेली.

इथून पुढं नीट वाचा. साठ वरसं मी गुळाचा पाक केलाय, विहीणबाई. पाक आला का नाय हे घड्याळ सांगत नाय, वाटीतलं पाणी सांगतं. थेंब पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची, वाटीच्या काठाला वाजवायची, टण् झालं की खाली उतरवायचं. मला वाटलं, या पोरीला हे कुणी शिकवलंच नाय (तुम्ही होता की तिथं), पाक पुढं गेला तर सगळं वाया. मी पाण्याची वाटी घेतली, थेंब टाकला. गोळी होईना. तोच चमचा परत पातेल्यात, परत पाण्यात, परत पातेल्यात. चौथ्या खेपेला ते रेशमासारखं मऊ चॉकलेट मूठ आवळल्यावानी आवळलं. भुसभुशीत, रवाळ, बिनतुपाचा सांजा जसा. मी म्हटलं सैल करावं, म्हणून पाण्याचा हबका दिला. अजून आवळलं. गुळाचं असं कधी होत नाय, गुळाला अक्कल असते. चॉकलेटला पाणी लावायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हे इथं स्पष्ट लिहिते.

मोनिका डोक्याला टॉवेल बांधून आली. तिनं पातेल्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, चमच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी म्हटलं, तुझं चॉकलेटच भेसळीचं हाय. ती म्हणाली, "असंल, आजी." बस, एवढंच. भांडली असती तर मला बरं पडलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाय.

चार वाजता पन्नास बाया येणार. सवाशिणीला रिकाम्या हातानं लावायचं कसं? मी त्या गाळाला तीळ चोळले, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या वळल्या अन् तिनं आणलेल्या सोनेरी डब्यांत भरल्या. ती म्हणत होती, आजी, हे नका देऊ, साधा तिळगूळ देऊ. मी म्हटलं, अन्न हाय ते, फेकायचं नसतं. बाया आल्या. मला कुंकू लावता येत नाय, म्हणून मी कोपऱ्यात डब्यांपाशी बसले. शेजारची शिवराजची आई डबा उघडून म्हणाली, "मंजुळाकाकू, सुगडं कुठंयत ओ? हे काय हाय?" सगळ्या बाया डबे उघडून बघायला लागल्या. मंग मोनिकाकडं बघायला लागल्या. मोनिका माझ्याकडं बघायला लागली.

खरं बोलायची तेवढीच येळ होती. अन् माझ्या तोंडातून काय निघालं, तर, "लेंड्या हायत. मेंढरवाल्याच्या घरचं वाण, दुसरं काय मिळणार? नातसुनेनं लई मेहनतीनं पाडल्यात." बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सगळ्यात आधी मी हसले. अजून एकोणीस बायांना हळद-कुंकू लावायचं राहिलं होतं. ते मोनिकानं लावलं. एकीचंबी कुंकू वाकडं गेलं नाय. ते मी बघितलं.

सकाळी उठले तर ती नाय, साचे नायत, अन् माझ्या उशाशी एक सोनेरी डबा. पन्नास बायांना सांगणं होतं, डबे तिनं एक्कावन्न आणले होते. मी मोजले तेव्हा म्हटलं होतं, पोरीला हिशेब येत नाय. एक्कावन्नावा माझा होता. आत एकच सुगड, सकाळच्या खेपेतलं. एखादा साचा माझ्या तुपातून सुटला असंल, त्यातलं. आरशासारखं. कुंकू पुसलेल्या बाईला वाण देत नसतात हे त्या पोरीला सांगितलं नाय का कुणी? (ही चूक तुमची.) मालक गेल्याला पस्तीस वरसं झाली, या पस्तीस वरसांत मला कुणी वाण दिलं नाय. दिलं असतं तर मी तोंडावर परत केलं असतं. हे परत करायला ती घरात नाय, म्हणून फ्रीजमधी पडलंय.

इकडं हाल काय इचारू नका. अंगद तिला रोज फोन करतो, ती म्हणती "बघते", अन् हा माझ्याकडं बघतो. शीला माझ्या ताटात भाकरी आपटते. त्यात परवा शिवराजची आई दारात. "काकू, त्या लेंड्या अजून हायत का? पोरांनी डबा चाटून पुसून ठेवला. माझ्या पोरीच्या डोहाळजेवणाला शंभर करून द्या." मी म्हटलं, त्यात काय, देते. अंगदकडून लाद्या मागवल्या, पाण्यावर पातेलं चढवलं, वाटीत पाणी घेतलं, चमचा हातात धरला. अन् इतकी वरसं पाक बघितलेला हात, मेला उचलंच ना. चॉकलेट वितळून चकाकत राहिलं अन् मी वाटीकडं बघत राहिले. बिघडवायला बसले अन् बिघडवता येईना. असली आफत कुणावर येऊ नये.

तर असं हाय. मालकांना नमस्कार सांगा, तुमच्या सुनेला मी इचारलं म्हणून सांगा. साचे तेवढे फकिराजवळ द्या.

तुमची विहीण,
मंजुळाबाई

ता. क. साच्यांचं राहू द्या. साचे बाजारात ढिगानं मिळतात. अन् सहावा साचा मोरीच्या फळीवर वाळत राहिला होता, तो सापडलाय. हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, अन् रथसप्तमी येत्या रविवारी हाय. मी पन्नास बायांना परत सांगणं धाडलंय. आता वाण द्यायला घरात नातसून नसली तर माझी काय इज्जत राहणार, ते तुम्हीच बघा.

आणखी एक. पाणी लावायचं नसतं हे मला सांगितलं होतं. दोनदा. आंघोळीला जाताना तिनं पाण्याची वाटीसुद्धा वरच्या फळीवर ठेवली होती. मी स्टुलावर चढून खाली काढली. हे मी शीलाला सांगितलं, अंगदला सांगितलं, अन् काल देवळात सगळ्या बायांपुढं सांगितलं. शिवराजची आई म्हणाली, "म्हंजे लेंड्या तुमच्या होत्या व्हय, काकू?" व्हय म्हटलं. लई हसल्या. मी नाय हसले.

आणखी एक, शेवटचं. फकिराजवळ सोनेरी डबा दिलाय. त्यात एक सुगड हाय, त्या सहाव्या साच्यातलं, मी ओतलेलं. तूप लावलं नाय, पाणी दाखवलं नाय. काठ तुटलाय, घाई केली मी काढताना. मोनिकाचं वाण हाय ते, तिलाच द्यायचं. तुम्ही खायचं नाय, तुम्हाला शुगर हाय. फकिरानं इंजनावर ठेवून ते वितळवलं तर तिला सांगा, निघताना साजरं होतं. अन् या पत्राचं उत्तर मोनिकानं द्यायचं. तुम्ही द्यायचं नाय, तुमच्या मालकांनी द्यायचं नाय, अंगदच्या फोनवर तर अजाबात नाय. कागदावरबी नको. इथं येऊन, माझ्या तोंडावर द्यायचं. शिव्या असल्या तरी चालतील, पण तिनंच.