बत्तीस फुटांवरची रेघ

१२ जून २०२५, गुरुवार

सातवा दिवस. जयसिंह सापडला नाही.

गोताखोर तीन दिवस तिघरा धरणाचा तळ चाचपून परत गेले. माझ्यापुढे कधी मान वर न करणारी कुमुदिनी, त्याची बायको, आज पदर सावरून सरळ म्हणाली, "भाऊजी, डोळ्यांनी बघेपर्यंत मी कुंकू पुसणार नाही."

माधवराव गुरुजी म्हणतात, रविवारी दहावा. तोवर देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा.

पानांचा! माझ्या धाकट्या भावाचा!

१३ जून

धरणातल्या मासेमारीच्या ठेकेदाराकडून एक बोट आणि मासे हुडकायचं नवं यंत्र मागून आणलं. ते बोटीखाली आवाज सोडतं. आवाज कशाला तरी लागून परत आला, की ती वस्तू किती खोल आहे ते पडद्यावर दिसतं. मासा कमानीसारखा उमटतो. दुपारी बत्तीस फुटांवर, पडद्याच्या डाव्या बाजूला, एक जाड खूण. मासा नव्हे. मी बोटीच्या डावीकडे दोराचा आकडा टाकला. दहा वेळा टाकला. नुसता गाळ.

लिहिणार नव्हतो, लिहितो. जयसिंह गेला त्या दिवशी मासेमारीची पाळी माझी होती. एकादशीला मी जाळं टाकत नाही, आणि बोट पाण्यात गेली नाही तर ठेकेदार पाळी दुसऱ्याला देतो. म्हणून तीन वर्षं दर एकादशीला माझ्या बोटीवर जयसिंह जायचा. हसायचा — "दादा, मासे काय पंचांग बघतात?" संध्याकाळी रिकामाच परतायचा. "तुझा देव लपवून ठेवतो सगळे!"

या वेळी पहाटे गेला. वादळ दुपारी चारनंतर आलं. ना तो परतला, ना बोट.

उपास माझा, जीव त्याचा.

१४ जून

ठेकेदाराने यंत्र जिथून घेतलं, त्या पाटणकर बाजारातल्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेतीने, सोनिकाने, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंकल, ये नक्शा थोड़े ही है! उजवी कड म्हणजे आत्ता, बोटीच्या खाली. डावीकडे दिसतं ते सगळं निकल चुका. मागे राहिलेलं पाणी."

म्हणजे काल मी त्याच्यावरून गेलो, आणि पुढे जाऊन शोधत बसलो!

"मग तो कोणत्या बाजूला, ते कुठे दिसतं?"

"ते नाहीच दिसत. खोली पक्की, बाजू नाही. खाली टॉर्च मारल्यासारखं — जितकं खोल, तितका घेर मोठा."

उद्या कालच्याच वाटेने. हळू. खूण उजव्या कडेला आली की इंजिन बंद.

१५ जून, सकाळ

उमटली. इंजिन बंद केलं. कमान झाली नाही. बोट जागीच, खालचंही जागीच — नुसती रेघ लांबत गेली, सरळ. तळ छत्तीस फूट, रेघ बत्तीसवर. आकडा टाकायला धीर होईना. हात जोडले. गोताखोर दौलतसिंहला फोन केला.

संध्याकाळ

सापडला. माझ्याच उलटलेल्या बोटीखाली होता. कुमुदिनीने पाहिलं. अग्नी मी दिला.

जाळं बोटीच्या कडीला बांधलेलंच होतं. गाठ माझी, दशमीला मारलेली. पहाटेपासून चारपर्यंत पाण्यावर होता — तरी गाठ सोडलीच नव्हती.

म्हणून दर एकादशीला रिकामा यायचा.