वणा क्लबचा पास तीन रुपयालेच

लिहून ठेवतो मी, हरिदास पुनाजी ढगे, वय तेवीस, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा. शिक्षण चवथी पास. पाचवीत मास्तरनं अन् मी एकमेकाले सोडलं. माहं डोकं ठिकाणावर हाय. गावातले चार लोक हे कबूल करणार नाईत, त्याहिले इचारू नये. मले कोणी दारू पाजली नाई, दम देल्ला नाई. येत्या सोमवारी नागपूरले माह्या पोटाचं आपरेशन हाय. डाक्टर म्हणते, "काई होत नाई." पण म्हणताना त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई, म्हणून हा कागद.

१. दुकान, पाने, पंप अन् सोल्युशनचा डबा माही बहीण कोकिळा हिले. तिच्या नवऱ्याले, म्हणजे महादेवरावले, पंपाले हातबी लावू देऊ नये. मागच्या दिवाळीत त्यानं माह्या सायकलची घंटी "पाहून आणतो" म्हणून नेली, ते अजून पाहूनच राह्यला. कोकिळा माह्यापेक्षा बरं पंचर काढते. बाई पंचर काढते म्हणून गिऱ्हाईक हासन, तं हासू द्याव.

२. पोस्टाचं पुस्तक आईले. आत पाहून तिनं रडू नये.

३. कापसाचे दलाल प्रभाकरराव याहिच्या सायकलची हवा दर बुधवारी जात होती, अन् ते माह्याच दुकानात भरून घेत होते. हवा सोडणाराबी मीच होतो. माफी मांगतो. पण त्याहिच्याशी माहं खरं भांडण हवेचं नाई, पासाचं हाय.

आपला वणा फुटबॉल क्लब. बिनबुटाचे अकरा पोट्टे, अन् तीन वर्ष जिल्ह्याच्या वरच्या गटात बूटवाल्याइच्या संगं खेळले. मैदानाले चारी अंगानं तरट बांधलं राह्यते. आत बसाचं तं हंगामाचा पास, म्हणजे टिनाचा बिल्ला, घ्याव लागते, तीन रुपयाले. औंदा आपण शेवटचा सामना हारलो अन् खालच्या गटात गेलो. तवापासून गावात एकच वाद, पास कितीले.

मागच्या रविवारी कापसाच्या जिनाच्या आवारात सभा झाली.

प्रभाकरराव म्हणे, "खेळ खालच्या गटाचा, तं भावबी खालचा पाह्यजे. दीड रुपया. कापसाची प्रत उतरली का भाव उतरतेच."

मैदानावर भुईमुगाची फल्ली विकणारी मनकर्णामावशी म्हणे, "भाऊ, तुमी दोन साल सौद्यात आपटले, तवा दलाली उतरवली काय?"

सारे हासले. प्रभाकररावचे कान लाल झाले. "बरं, तीन तं तीन. पण मंग गोलात तो जंगलू नाई पाह्यजे. पैसे देऊन झोपलेला गोली कोण पाह्यन?"

जंगलू आत्राम मागं भितीले टेकून उभा होता. तो म्हणे, "मी जातो ना बाप्पा. पास तीनलेच ठेवा."

सेक्रेटरी वासुदेवराव म्हणाले, आता पुढच्या रविवारी हात वर करून ठरवू.

४. म्हणून जे पोटात हाय ते डाक्टरनं काढाच्या आधी मीच काढतो. जंगलू झोपला नोता.

शेवटच्या सामन्यात दोघाइचा एक एक गोल होता. बरोबरी झाली असती तरी आपण वरच राह्यलो असतो. पाच मिनिटं बाकी असताना त्याहिचा एक पोट्टा बॉल घेऊन एकटाच सुटला. मी गोलामागं तरटाजवळ बसलो होतो. खिशात पोळ्याच्या जत्रेतली शिट्टी होती, पंचाच्या शिट्टीसारखीच वाजणारी. म्हटलं, वाजवली का हा थांबन. वाजवली. तो थांबला नाई. आपला जंगलू थांबला, कारण तो नियम पाळते. पंचानं म्हटलं, मी वाजवलीच नाई, गोल धरला.

जंगलू सांगत होता, "शिट्टी वाजली होती." लोक म्हणत, "तुह्या सपनात बे." अन् त्याहिच्यात मीबी हासलो. सात महिने हासलो. माह्या साऱ्या खोड्याइत तेवढं हासणं मले पचलं नाई.

ते शिट्टी जंगलूले द्यावी. त्यानं वणा नदीत फेकाव, नाई तं माह्या तिरडीपुढं वाजवाव.

५. माहा बिल्ला जंगलूची माय शकुबाई हिले. ते आजवर बाहेर उभी राहून तरटाच्या भोकातून पोराले पाह्यते. तिले पुढं बसवाव.

६. माहं मत तीन रुपयाले धराव. दीड रुपया केला का आपणच म्हटल्यासारखं होते, आमी अर्धे झालो. आपण गट हारलो, अर्धे नाई झालो. अनवाणी पायानं बुटाच्या पुढं तीन वर्ष छाती काढून उभे राह्यलेले पोट्टे पाहाले मिळते, त्याचे तीन रुपये जास्त वाटत असतीन त्यानं तमाशाले जाव.

हा कागद मी मेल्यावर वासुदेवरावनं सभेत वाचाव, असं लिहिलं होतं.

पण साक्षीदाराइले आज वाचून दाखवला, तं जंगलूनं कागद माह्या हातातून घेऊन उलटापालटा करून पाह्यला. मंग म्हणे, "मेल्यावर काऊन? सभा रविवारी हाय ना?"

मी म्हटलं, "लोक मारतीन बे."

"मारू दे. आपरेशन सोमवारी हाय, संगंच शिवून घेजो."

मनकर्णामावशी म्हणे, "मी येतो संगं. पण वाचशील तूच, उभ्यानं."

म्हणून वरचं बदललं. रविवारी मीच वाचीन, जित्तापणी.

सही: हरिदास पुनाजी ढगे
साक्षीदार पह्यली: मनकर्णाबाई, फल्लीवाली. डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार दुसरा: जंगलू आत्राम. जागा कोरी ठेवली. वाचून झाल्यावर अंगठा देतो म्हणते.
मुक्काम हिंगणघाट, तारीख ९ सप्टेंबर १९५४, गुरुवार.

सभेचा शेरा, रविवार, तारीख १२: कागद हरिदासने स्वतः उभे राहून वाचला. नंतर जंगलूने वरील जागी अंगठा दिला. पास तीन रुपये व गोलात जंगलू, असे ठरले. हरिदासला मारण्याचा ठराव प्रभाकररावांनी मांडला, अनुमोदन पुष्कळ. तो टाके निघेपर्यंत तहकूब.
वासुदेवराव, सेक्रेटरी